परभणीहून परदेशी : नेतृत्व आणि समाजविकास शिकायला निघण्याआधी

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीच्या रेल्वे स्टेशनजवळ, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर बंद झाला, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांत एक उणीव माझ्यासारख्या अनेकांना बोचली. रस्त्यावर उतरायला माणसे होती. पण कागद वाचणारे, आयोगापुढे मुद्देसूद मांडणी करणारे, आपली बाजू इंग्रजीत जगापुढे ठेवणारे फार थोडे होते. तेव्हापासून विहारात वंदनेनंतर तरुण विचारतात, "दादा, हे सगळं शिकायला बाहेर जाता येतं का?"

जाता येते. पण ज्या वाटा जाहिरातीत दिसतात त्यांत काही खाचखळगे आहेत, आणि ते आधी कळलेले बरे.

ही वाट आपल्याला नवी नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परत येऊन दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार करून. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद मंजूर करून घेतली, आणि त्यातून काही मुले इंग्लंड-अमेरिकेत शिकायला गेली. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे परदेशी शिक्षण हा कुणाचा शौक म्हणून नव्हे, तर चळवळीची गरज म्हणून आपल्याकडे आले आहे.

आता आजच्या योजना. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. दरवर्षी ७५ जागा. पदव्युत्तर पदवीसाठी वय ३५ पर्यंत, पीएचडीसाठी ४० पर्यंत. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडे मिळते. मुख्य अट अशी की विद्यापीठ क्यूएस जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत हवे.

इथेच आपल्या विषयाची गोची होते. विकास अभ्यास या विषयात वर्षानुवर्षे जगात पहिल्या क्रमांकावर असलेले ठिकाण म्हणजे इंग्लंडमधले ससेक्स विद्यापीठ. पण त्याची एकूण क्रमवारी अलीकडे दोनशेच्या बाहेर गेली आहे. आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले लंडनचे सोआस याचीही तीच गत. म्हणजे विषयात अव्वल असलेल्या ठिकाणी शाहू शिष्यवृत्ती नेत नाही. इंजिनिअरिंगवाल्याला ही अट फारशी अडत नाही, समाजकार्याच्या विद्यार्थ्याला अडते. म्हणून निवड करताना विषयाची क्रमवारी नव्हे, विद्यापीठाची एकूण क्रमवारी पाहा. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिथून बाबासाहेबांनी १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली, ते यात बसते. मँचेस्टर विद्यापीठ बसते, तिथे विकास अभ्यासाची मोठी संस्था आहे. नेदरलँड्समधल्या हेग शहरातली सामाजिक अभ्यास संस्था रॉटरडॅमच्या इरॅस्मस विद्यापीठाचा भाग असल्याने तिचाही विचार करता येतो. मात्र क्रमवारी दरवर्षी हलते, नियमही बदलतात. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या माहितीवर अर्ज भरू नका, त्या वर्षीची जाहिरात वाचा.

केंद्राच्या शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत, गुण किमान ६० टक्के, वय ३५ च्या आत. ३० टक्के जागा मुलींसाठी राखीव आहेत, आणि हे आपल्या मुलींना कुणी सांगत नाही. विद्यापीठ पहिल्या पाचशेत असले तरी चालते, त्यामुळे ससेक्सचे दार इथून उघडते. पण २०२२ मध्ये केंद्राने एक अट घातली : भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती नाही. ज्या शिष्यवृत्तीचा पाया दलितांच्या शिक्षणासाठी घातला गेला, तिच्या पैशांतून परदेशात जातीवर संशोधन करता येणार नाही, असा याचा सरळ अर्थ. अट का घातली असेल हे वाचकांना मी वेगळे सांगायला नको. त्यात २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला फक्त ४० जणांना पत्रे मिळाली, बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास असे सांगण्यात आले. निवड झाली म्हणून नोकरी सोडून बसू नका.

खर्चाचाही हिशेब करा. केंद्राचा निर्वाह भत्ता इंग्लंडसाठी वर्षाला ९,९०० पौंड आहे. महिन्याला ८२५ पौंड. लंडनमध्ये एका खोलीच्या भाड्यातच त्याचा बहुतेक भाग जातो. लंडनबाहेरच्या शहरात जरा ओढाताण कमी. शिवाय पासपोर्ट, इंग्रजीची आयईएलटीएस परीक्षा, अर्जाचे शुल्क हे सगळे शिष्यवृत्ती मिळण्याआधी खिशातून जाते. आणि जामीनदार! ऊसतोड करणाऱ्या बापाने पालम किंवा सोनपेठहून मालमत्ता असलेला जामीनदार कुठून आणायचा, हे नियम करणाऱ्यांनी कधी विचारात घेतलेले दिसत नाही. गावातल्या, तालुक्यातल्या नोकरदार बांधवांनी इथे सही द्यायला पुढे यायला हवे.

नेतृत्वच शिकायचे असेल तर ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती जास्त जवळची आहे. तिला जात-उत्पन्नाची अट नाही. एक वर्षाची पदव्युत्तर पदवी, पूर्ण खर्च, आणि नंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याचे बंधन. अट आहे ती २,८०० तासांच्या कामाच्या अनुभवाची. आणि त्यात विनावेतन स्वयंसेवी कामही धरले जाते. विहारातली अभ्यासिका चालवणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देणे, दुष्काळात चारा छावणीवर राबणे, हे आठवड्याला २० तास केले तर पावणेतीन वर्षांत तेवढे तास भरतात. आपले कार्यकर्ते याहून जास्त काम करतात, पण नोंद ठेवत नाहीत. आजपासून वही घाला : तारीख, काम, तास, कुणासोबत केले. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातून आलेले राजू केंद्रे २०२१ मध्ये याच शिष्यवृत्तीवर सोआसमध्ये गेले. विदर्भ-मराठवाड्याच्या खेड्यातून हे घडते, ते असे.

पदवी नको, काम शिकायचे आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी आशियात दोन ठिकाणे सांगतो. जपानच्या तोचिगी प्रांतात १९७३ पासून आशियाई ग्रामीण संस्था आहे. नऊ महिने, एप्रिल ते डिसेंबर, ग्रामीण कार्यकर्ते तिथे एकत्र राहतात, शेती करतात, जेवण रांधतात आणि नेतृत्व शिकतात. संस्थेची सुरुवात ख्रिस्ती मंडळींनी केली, पण सर्व धर्मांचे लोक घेतात. एकट्याने अर्ज चालत नाही, पाठवणारी संस्था लागते आणि परत येऊन तिच्यातच काम करावे लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठातून बाहेर पडलेल्या आपल्या मुलांना हे ठिकाण फार जुळेल.

दुसरे श्रीलंकेतले सर्वोदय श्रमदान. नाव ऐकून आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, पण हे प्रकरण वेगळे आहे. ए. टी. आरियरत्ने हे कोलंबोच्या नालंदा कॉलेजातले शिक्षक १९५८ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन कनातोलुवा या बहिष्कृत जातीच्या गावात राहायला गेले, तिथून हे काम उभे राहिले. चार आर्यसत्ये ते गावाला लावून पाहतात : गावाचे दुःख काय, त्याचे कारण काय, ते दूर होईल का, मार्ग कोणता. धम्म आणि गावविकास एकत्र कसे शिकवतात हे पाहायला तिथे जावे.

शेवटची आणि सगळ्यांत रखडणारी बाब म्हणजे जातीचा दाखला. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, पण केंद्राच्या अर्जाला केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो, आणि अनेकांच्या टीसीवर नुसते "बौद्ध" असते. पडताळणी समिती १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा मागते. मराठवाडा तेव्हा नुकताच निजामाच्या राज्यातून बाहेर पडलेला, त्यामुळे आजोबांची जुनी नोंद बऱ्याचदा उर्दूत निघते. तिची नक्कल काढणे, भाषांतर करून घेणे यात महिने जातात. म्हणून बारावीत असलेल्या मुलाचेही खासरा पत्रक आणि आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा या उन्हाळ्यातच काढून ठेवा. तहसीलला जाताना दोन प्रती न्या, एक ते ठेवून घेतात.