डास रक्तावर जगत नाही!

‘डास काय खातो?’ असं वर्गात विचारलं, की पोरं एका सुरात ओरडायची, ‘रक्त!’ प्राणिशास्त्र शिकवताना हे उत्तर मी वर्षानुवर्षं खोडत आलो.

डासाचं रोजचं जेवण गोड असतं. फुलांतला मध, झाडाचा पाझरणारा रस, पिकून फुटलेल्या फळाचा रस. नर तर जन्मभर यावरच राहतो. त्याच्या सोंडेला आपली कातडी भेदताच येत नाही. चावते ती मादी. तीसुद्धा पोटासाठी नव्हे, अंड्यांसाठी. गोड रसातून उडायची शक्ती मिळते, पण अंडी घडवायला प्रथिनं लागतात आणि ती रक्तात असतात. डोहाळेच म्हणा ना! टॉक्सोरिंकायटिस नावाच्या जातीची मादी मात्र कोणालाच चावत नाही. अळी असतानाच ती इतर डासांच्या अळ्या खाते आणि प्रथिनांची बेगमी करून ठेवते.

आपल्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साईड, घामाचा वास आणि अंगाची ऊब यांवरून मादी आपल्याला हुडकते. रक्त गोठू नये म्हणून चावताना ती लाळ सोडते. खाज सुटते ती या लाळेमुळे. हिवतापाचे जंतू, डेंग्यू-चिकुनगुनियाचे विषाणू शिरतात तेही लाळेतूनच. हिवताप आणि डास यांचं हे नातं रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत उलगडलं.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या माझ्या घरी काय झालं, ते ऐका. पावसाळा सरत होता. सून तापानं फणफणली. डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स घसरल्या. दोन रात्री मी दवाखान्याच्या बाकावर काढल्या. मनात गोदावरीतल्या पाणवेलींना आणि गल्लीतल्या गटाराला शिव्या घालत होतो. तिसऱ्या दिवशी घरोघरी पाहणी करणारी आरोग्यसेविका आली. तिनं सरळ फ्रिजमागचा ट्रे ओढला. त्यात अळ्या वळवळत होत्या!

मी मान खाली घातली. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो बहुधा क्युलेक्स. डेंग्यू पसरवणारा एडिस दिवसा चावतो आणि घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. हे मी फळ्यावर लिहून देत असे. ट्रे मात्र कधी पाहिला नव्हता.

सून बरी झाली. तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडे कोरडा दिवस असतो. अंड्यातून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतलं की साखळी तुटते. पण नुसतं ओतून भागत नाही. एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणून पिंप, कूलर, फुलदाणी, कुंडीखालची बशी घासूनच काढायची.

आज रविवारच आहे. पेपर बाजूला ठेवा आणि आधी फ्रिजमागं डोकावून या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)