संगणकाचा भांडारी

मोठ्या घरात धान्याचे कोठार असते व त्यावर भांडारी नेमलेला असतो. मागितलेली वस्तू काढून देणे आणि आलेली वस्तू जागेवर ठेवणे, हे त्याचे काम होय. संगणकातही माहितीचे कोठार असते. तेथील भांडाऱ्यास साठवण-नियंत्रक असे म्हणतात.

१९८३ साली आय.बी.एम. कंपनीने पीसी एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्यात हार्ड डिस्कचा नियंत्रक एका स्वतंत्र कार्डावर बसविलेला असे. पुढे त्याचे बरेचसे काम खुद्द डिस्कमध्ये सामावले गेले आणि उरलेले मदरबोर्डाने पत्करले. मग आज खेळांसाठी संगणक जुळविताना असे निराळे कार्ड घ्यावे काय?

बहुधा घेऊ नये. हार्ड डिस्क सेकंदाला सुमारे २०० मेगाबाइट माहिती देते, साटा जोडणीची एसएसडी सुमारे ५५०, तर एम.२ खाचेत बसणारी एनव्हीएमई एसएसडी ३,००० हूनही अधिक देऊ शकते. या जोडण्या आजच्या बहुतेक मदरबोर्डांवर असतातच. शिवाय वेगवान साठवणीमुळे खेळ लवकर उघडतो खरा. परंतु पडद्यावरील चित्रांची गती मुख्यतः ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर यांवर अवलंबून असते. भांडारी कितीही चपळ असला, तरी स्वयंपाक आचाऱ्यानेच करावयाचा!

तथापि हे कार्ड निरुपयोगी नव्हे. जेथे पुष्कळ डिस्क जोडावयाच्या असतात आणि एखादी बिघडली तरी माहिती सुरक्षित राहावी लागते, अशा सर्व्हरमध्ये ते मोलाचे ठरते. साधनाची योग्यता त्याच्या किमतीवरून नव्हे, तर आपल्या गरजेवरून ठरवावी, हेच खरे.