आमची विहीर कुठल्या खांबात? वीस आकड्यांचा आयतालेख

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट मोजणं हा माझ्या पीएच.डी.चा एक भाग आहे. मागे एका गावात निष्कर्ष सांगायला गेले होते. चार खांबांचा छान रंगीत आयतालेख दाखवला. मागून एका आजोबांनी विचारलं, "ताई, आमची हीर यातल्या कुठल्या खांबात?"

"तिसऱ्या. ४० ते ६० च्या."

"मंग पाणी प्यायचं का नाय?"

घरात चार महिन्यांचा नातू, वरचं पावडरचं दूध चालू. आणि माझ्या आलेखात या प्रश्नाचं उत्तरच नव्हतं! आकडा वहीत होता, पण चित्रात मी तो झाकून टाकला होता. म्हणून आजचा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. दौंडला खडकवासल्याच्या कालव्याचं पाणी येतं, शिरूरच्या काही भागाला चासकमानचं. पाणी आलं की ऊस आला, आणि उसाबरोबर युरिया. पिकाने न घेतलेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतं. उकिरडा आणि शौचालयाचे शोषखड्डे यांतूनही ते येतं. आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट खडक. पाणी त्याच्या भेगांमधून फिरतं, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींचे आकडेही फार वेगळे येऊ शकतात.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त असलेल्या पाण्यात बाळाचं दूध कालवलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते. बाळ निळसर दिसू लागतं. सहा महिन्यांखालच्या बाळांना हा धोका सगळ्यात जास्त. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

आता आलेख. गावातल्या विहिरींचे खरे आकडे इथे देत नाही. समजावण्यासाठी तसेच २० आकडे घेऊ, चढत्या क्रमाने:

८, १२, १४, १७, १९, २१, २३, २६, २८, ३१, ३३, ३८, ४१, ४३, ४६, ४७, ४९, ५२, ६१, ७४

दहावीत शिकलेलं आठवा: वर्ग पाडायचे, ताळ्याच्या खुणा करायच्या, वारंवारता लिहायची, एकमेकांना चिकटून खांब काढायचे. आकडे हजार असले की हे जवळजवळ आपोआप जमतं. वीसच असले की प्रत्येक निर्णय चित्रात दिसतो.

पहिला निर्णय: वर्ग किती रुंद? ५ ची रुंदी घेतली तर बहुतेक खांब एकदोन विहिरींचे, मध्ये काही रिकाम्या जागा. तुटक्या दातांचा कंगवा जणू. २० ची घेतली तर चारच खांब: ५, ७, ६, २. इथे एक अंदाज कामाला येतो. स्टर्जेस यांनी १९२६ मध्ये सुचवलेल्या नियमाने २० आकड्यांना पाच-सहा वर्ग पुरतात. सगळ्यात मोठा आकडा वजा सगळ्यात लहान, म्हणजे ७४ – ८ = ६६. याला ५ ने भागलं की साधारण १३. म्हणजे १५ ची रुंदी सोयीची. पण हा फक्त अंदाज आहे, कायदा नाही.

दुसरा निर्णय: सुरुवात कुठून? रुंदी तीच २० ठेवा, फक्त सुरुवात ० ऐवजी ५ पासून करा. ५, ७, ६, २ चे खांब आता ७, ७, ५, १ होतात. मगाशी मध्ये उंचवटा होता, आता नुसता उतार! पाणी तेच, विहिरी त्याच. म्हणजे तो "उंचवटा" पाण्यात नव्हताच, माझ्या पट्टीत होता. वीसमधली एक विहीर म्हणजे ५ टक्के, त्यामुळे दोन विहिरी इकडच्या तिकडे झाल्या की चित्र बदलतं. म्हणून दोन-तीन प्रकारे आलेख काढून बघायचा आणि सगळ्यांत टिकतं तेवढंच बोलायचं.

तिसरा निर्णय: महत्त्वाची रेघ कुठे पडते? माझी चूक इथे झाली होती. ४० ते ६० च्या खांबात सहा विहिरी आहेत. त्यातल्या ४१ आणि ४३ मर्यादेच्या आत, तर ४६, ४७, ४९, ५२ बाहेर. चांगलं आणि वाईट पाणी मी एकाच खांबात कोंबलं होतं. १५ ची रुंदी घेतली की ४५ बरोबर सीमेवर येतात:

० ते १५: ३ विहिरी
१५ ते ३०: ६
३० ते ४५: ५
४५ ते ६०: ४
६० ते ७५: २

आता सहा विहिरी मर्यादेबाहेर आहेत हे लांबूनही दिसतं. एक बारकावा: बरोबर ४५ आला तर? मर्यादा "४५ पर्यंत" आहे, म्हणून तो खालच्या वर्गात. शाळेत आपण वरची सीमा पुढच्या वर्गात टाकायचो. इथे उलट करावं लागतं, आणि तसं आलेखाखाली लिहावं लागतं.

"मग हवी तशी सीमा निवडणं ही लबाडी नाही का?" आकडे बघून, आपल्याला हवं ते दिसेल अशी निवडली तर नक्कीच लबाडी. पण ४५ ही मर्यादा मी पाणी भरायच्या आधीपासून ठरलेली आहे.

आता मी अजून एक गोष्ट करते. खांबांखाली आडव्या रेघेवर प्रत्येक विहिरीचा एकेक ठिपका काढते. वीस ठिपके सहज मावतात, आणि आयतालेखाने लपवलेलं ठिपके परत दाखवतात. हजार विहिरी असत्या तर हे जमलं नसतं. कमी माहितीचा एवढा तरी फायदा घ्यावा!

नवा आलेख घेऊन गावात परत गेले. आजोबांचा ठिपका रेघेच्या उजवीकडे होता. बाळाच्या दुधाला दुसरीकडचं, तपासलेलं पाणी वापरा, असं सांगितलं. त्यांनी ठिपक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे आधीच दाखवायचं की."