जन्माने मिळालेला धर्म आणि निवडलेला धर्म

जोगेश्वरीची लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. त्याच साष्टी बेटावर थोडे उत्तरेला गेलात, की बोरिवलीजवळ मंडपेश्वरची लेणी लागतात. पोर्तुगीज अमदानीत, सोळाव्या शतकात, फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी त्या शंकराच्या लेण्याचेच देऊळ केले, म्हणजे ख्रिस्ताचे. तेव्हापासून या भागातील कितीतरी घरे ख्रिस्ती आहेत. त्यांची आडनावे पोर्तुगीज, पण चुलीजवळची बोली आपल्या मराठीचीच. अशा घरातल्या मुलाला धर्म वाडवडिलांच्या शेतासारखा वारशाने मिळतो.

पण वारसा मिळाला म्हणून निवड संपली, असे समजू नका बरे का. कॅथलिक घरात तान्ह्या मुलाचा स्नानसंस्कार होतो, तेव्हा त्याच्या वतीने आईबाप आणि धर्ममातापिता वचन देतात. पुढे मूल जाणते झाले, की दृढीकरणाच्या संस्कारात तेच वचन त्याला स्वतःच्या तोंडाने द्यावे लागते. काही मुले ते नुसते पाठ म्हणतात, हेही खरे; पाठांतर कोणत्या धर्मात नाही?

आता दुसऱ्या तऱ्हेची माणसे घ्या : ज्यांनी जन्माचा धर्म सोडून हा नवा धर्म पत्करला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव शिक्षकमंडळींना कवी म्हणून ठाऊक आहेच. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना बायबल दिले. ते त्यांनी वाचले, ताडून पाहिले, पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. जवळजवळ दोन वर्षे विचार केला. पण पत्नीला मात्र आधी सांगितले नाही! मला वाटते, या थोर माणसाच्या चरित्रातली ही बोचणारी जागा आहे.

कायद्याने त्यांचे काही बिघडणार नव्हते. धर्म बदलला तरी वारसाहक्क जात नाही, असा कायदा १८५० सालीच झाला होता. पण पंगत, सोयरिक आणि बायकोचे माहेर, यांना कुठला कायदा लागू पडणार? लक्ष्मीबाई मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे नगरला पतीजवळ आल्या, तरी अन्नपाणी आणि सोवळे त्यांनी वेगळेच ठेवले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू बाईंना स्वतःलाच प्रश्न पडू लागला, की ही शिवाशीव देवाने केली की माणसाने? आधी जातीचा विटाळ मनातून गेला, श्रद्धा मागाहून आली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे एका घरात दोन निवडी झाल्या, पाच वर्षांच्या अंतराने. दुसरी पहिलीच्या मागे फरफटत गेली नाही, म्हणून मला ती अधिक मोलाची वाटते.

आणि बाप्तिस्मा घेतला की काम संपले, असेही नाही. टिळकांनी नाव बदलले नाही, मराठी वळण सोडले नाही. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांत आणि कीर्तनात आणली. तुकोबांच्या वाटेनेच आपण येशूपाशी आलो, असे ते मानीत. १९१७ साली मिशनची नोकरीही त्यांनी सोडली आणि 'देवाचा दरबार' उभा करण्याचा प्रयत्न केला. तिथे बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही तऱ्हेच्या ख्रिस्तभक्तांना जागा असावी, अशी त्यांची कल्पना होती. मिशनमध्ये हे सर्वांनाच रुचले नाही.

१९१९ साली टिळक वारले. 'ख्रिस्तायन' हे त्यांचे काव्य तेव्हा अर्धवटच होते. लिहायला-वाचायला लग्नानंतर शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले, आणि त्यातले बहुतेक अध्याय त्यांच्याच लेखणीचे आहेत. त्यांची 'स्मृतिचित्रे' गावच्या वाचनालयात असतील, तर वेगळ्या राहण्याच्या वर्षांची प्रकरणे वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. मुले हसतील, आणि मध्येच गप्प होतील.