कवडशात उतरलेला सूर्य

कोकणातल्या आमच्या कौलारू घरात भर दुपारी माजघरात एक कवडसा उतरायचा. एका कौलाचा टवका उडाला होता, त्या भोकातून. आजी त्यावरून वेळ ओळखायची. "कवडसा जात्यापाशी आला, पानं मांडा," म्हणायची. मला कोडं पडायचं ते वेगळंच. भोक हरभऱ्याच्या दाण्याएवढं आणि तिकोनी. मग सारवलेल्या जमिनीवरचा उजेड गोल कसा?

उत्तर प्रकाशाच्या सरळ चालीत आहे. सूर्य म्हणजे आकाशातला एक ठिपका नव्हे, तर चांगली रुंद तबकडी. तिच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश भोकातून सरळ खाली येतो आणि जमिनीवर एक छोटा तिकोन उमटवतो. तबकडीच्या उजव्या कडेचा तिकोन डावीकडे पडतो, डाव्या कडेचा उजवीकडे. असे असंख्य तिकोन एकमेकांवर पडून जो आकार भरतो, तो सूर्याचा. कवडसा हे सूर्याचं उलटं चित्र असतं. म्हणूनच ग्रहणात झाडाखालचे कवडसे कोरीसारखे होतात. १५ जानेवारी २०१०च्या दुपारी महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसलं, तेव्हाही सूर्याची कोर अशीच जमिनीवर उतरली होती. हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या विद्वानाने ग्रहणातल्या याच आकारावर ग्रंथ लिहिला.

सावलीचीही गोष्ट हीच. उन्हात हात जमिनीजवळ धरा, बोटांची सावली रेखीव पडेल. हात वर न्या, कडा विरघळू लागतील. जिथून सूर्य अजिबात दिसत नाही ती गडद प्रच्छाया. जिथून त्याचा थोडा भाग दिसतो ती फिकट उपच्छाया. वस्तूच्या रुंदीच्या साधारण १०८ पट अंतरावर प्रच्छाया संपते. बोटभर जाड तारेची गडद सावली दोन मीटरही पुरत नाही, म्हणून खांबावरच्या तारेची रेघ रस्त्यावर पुसट दिसते. उंच घिरट्या घालणाऱ्या घारीची सावली तर जमिनीवर सापडतच नाही.

हे १०८ आलं कुठून? सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे, आणि हे अंतर त्याच्या व्यासाच्या साधारण १०८ पट आहे. कवडसाही हेच प्रमाण पाळतो. भोक बारीक हवं आणि कागद किरणांना काटकोनात धरायला हवा. भोकापासून ३०० सेंटीमीटरवर कवडसा सुमारे २.८ सेंटीमीटर रुंद भरतो. आता २.८ला ३००ने भागा, १५ कोटींनी गुणा: १४ लाख किलोमीटर. हा झाला सूर्याचा व्यास, घरातल्या फूटपट्टीने मोजलेला.

कवडशाच्या कडेला पेन्सिलीने खूण करून बसा. दोनेक मिनिटांत तो आपल्या रुंदीएवढा सरकलेला असेल. सरकते ती पृथ्वी. आजी जात्यापाशी बघून पानं मांडायला सांगायची, ती या फिरत्या पृथ्वीच्याच हिशेबाने.