भिंगाखालचा तांजिरो

फेब्रुवारीत आमच्या घरातल्या भिंगाला उसंत नसते. पानाच्या पाठीमागे लाल कोळी आहे का, द्राक्षाच्या घडात मिलीबग शिरलाय का, हे बघायला आप्पा ते सुतळीत ओवून खिशातच ठेवतात. त्याच भिंगातून परवा त्यांनी एका जपानी पोराच्या डोळ्यांत पाहिलं, आणि बराच वेळ पाहतच राहिले.

तो पोरगा म्हणजे तांजिरो कामादो. कोयोहारू गोतोगेच्या ‘किमेत्सु नो याइबा’ या चित्रकथेचा नायक. ही कथा २०१६ ते २०२० या काळात जपानी साप्ताहिकातून येत होती, २०१९मध्ये तिची अ‍ॅनिमे मालिका सुरू झाली आणि मोबाइलच्या पडद्यावरून ती आमच्या निफाड तालुक्यातल्या पिंपळगावच्या मळ्यातल्या घरांतही शिरली. माझ्या पुतण्याने तांजिरोची मर्यादित आवृत्तीतली मूर्ती मागवली होती. तो तिला ‘फिगर’ म्हणतो, आपणही तेच म्हणू. मूर्ती म्हटलं की हात जोडावेसे वाटतात आणि बाहुली म्हटलं की तो रागावतो. माप एकास सात. गोष्टीतला तांजिरो १६५ सेंटिमीटर उंच, तेव्हा फिगर साडेतेवीस सेंटिमीटरच्या आसपास.

खोकं उघडताना तो म्हणाला, “काका, पायथ्याला धरा. केसांना बोट नको.” मला एकदम आमचं पॅकहाऊस आठवलं. तिथे बायका घड देठाला धरूनच उचलतात. मण्यावर जी पांढुरकी पावडर असते, ते द्राक्षाचं स्वतःचं मेण. बोट लागलं की तेवढा ठसा चकचकीत होतो आणि घड हाताळलेला दिसतो. फिगरच्या केसांवर, कपड्यांवरही असाच एक मंद, बिनचकाकीचा थर मुद्दाम फवारलेला असतो. तो नसेल तर प्लॅस्टिक प्लॅस्टिकसारखंच चमकतं. एकीकडे निसर्गाने दिलेलं, दुसरीकडे माणसाने फवारलेलं, पण दोन्हीकडे पारख सुरू होते ती याच न चमकण्यापासून.

‘मर्यादित’ या शब्दाने मात्र फसू नये. जपानी कंपन्यांत बऱ्याचदा ठरावीक मुदतीत नोंदणी घेतात आणि जेवढी मागणी आली तेवढाच माल काढतात. काही फिगर फक्त एखाद्या मेळ्यापुरत्या असतात. महागड्या पुतळ्यांच्या पायथ्यावर पाचशेपैकी एकशे पंचविसावा, असा क्रमांकही असतो. हे सगळं माल किती निघाला ते सांगतं, कसा निघाला ते सांगत नाही.

कसा निघाला हे कळायला आधी ‘डेकोमास’ म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं. शिल्पकाराने घडवलेल्या मूळ नमुन्याची एक प्रत कसलेला रंगकर्मी हाताने रंगवतो, ती डेकोमास. जाहिरातीतले फोटो तिचे असतात. गिऱ्हाईक पैसे भरतं तिच्याकडे पाहून आणि कित्येक महिन्यांनी घरी येतात ती साच्यातून निघालेली तिची भावंडं. फिगरचा दर्जा म्हणजे या दोहोंतलं अंतर. पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटोचा लिलाव ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. वीस किलोचं क्रेट असतं, वरचा थर लालबुंद आणि एकसारखा. मुरलेला व्यापारी त्या थराकडे बघतच नाही, हात सरळ तळाशी घालतो.

आप्पांनी पुतण्याला तेच विचारलं, “याचा तळ कुठंय?”

पुतण्याने फिगर फिरवून पाठ दाखवली, मग काखेखालची जागा, मग केसांच्या बटांमधली खाच. फिगरचा तळ तिथे असतो. पोलादी साच्याचे दोन पल्ले एकमेकांवर घट्ट बसतात, आत वितळलेलं प्लॅस्टिक दाबाने शिरतं, थंड होतं आणि पल्ले उघडतात. पल्ले जिथे मिळतात तिथे केसाएवढी रेष उमटणारच. प्लॅस्टिक ज्या तोंडातून आत आलं तिथे बारीकशी गाठही राहते. या खुणा टाळता येत नाहीत, पण कुठे पडू द्यायच्या हे ठरवता येतं. चांगल्या साच्यात ती रेष केसांच्या बटेच्या कडेनेच जाते, बाहीच्या शिवणीवर येते किंवा पट्ट्याखाली दडते. एका फिगरचे डझनावारी सुटे भाग असतात आणि शिल्प कापून कोणता जोड कुठे घालायचा, यावर कुणीतरी दिवसचे दिवस घालवलेले असतात. तांजिरोचा एक हात खांद्याला जोडलेला आहे हे आम्हांला भिंगाशिवाय दिसलंच नाही, कारण जोड अंगरख्याच्या चुणीत बसवला होता.

त्या अंगरख्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तांजिरोच्या अंगावर हिरव्या-काळ्या चौकड्याचा हाओरी असतो. या चौकड्याला जपानात ‘इचिमात्सु’ म्हणतात. अठराव्या शतकातला काबुकी नट सानोगावा इचिमात्सु याच्या पोशाखावरून हे नाव पडलं. कागदावर चौकडा काढणं सोपं. पण वाऱ्याने फुगलेल्या, चुण्या पडलेल्या कापडावर प्रत्येक चौकोन थोडा ताणतो, थोडा आकसतो, चुणीत शिरतो आणि पलीकडून अर्धाच बाहेर येतो. पारखी माणूस एक चौकोन पकडतो आणि नजरेने त्याच्यामागे चुणीत उतरतो. दुसऱ्या बाजूला तो योग्य जागी वर आला तर रंगवणाऱ्याने कापड समजून घेतलंय. चुणीवरून चौकोन सरळच गेला असेल तर त्याने प्लॅस्टिकवर फक्त ठिपके भरलेत. आम्ही सहा चुण्या तपासल्या. सहाही ठिकाणी चौकोन पलीकडे बरोबर निघाले आणि दर वेळी पुतण्याच्या तोंडून ‘वा’ निघालं.

सातवी चुणी डाव्या खांद्यामागची. तिथे हिरवा रंग काळ्यात पाझरला होता, जेमतेम अर्धा मिलिमीटर. पुतण्याचा चेहरा उतरला. आप्पांनी तिथे भिंग बराच वेळ धरलं. घडात एखादा खराब मणी निघाला तर बारीक कात्री आत घालून तेवढा काढता येतो, इथे कात्री चालत नाही. पाझरलेला ठिपका भाग जोडण्याआधी कुणाच्या तरी डोळ्यांना दिसायला हवा होता, तिथे तो निसटला.

मग आले डोळे, जिथे आप्पा अडकून पडले होते. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळे रेखायच्या कामाला ‘आखणी’ म्हणतात आणि ते काम सगळ्यांत कसलेल्या हाताकडे असतं. जपानी फिगरची आखणी मात्र बहुतेक वेळा हाताने होत नाही, ती होते सिलिकॉनच्या एका मऊ गोळ्याने. धातूच्या पाटीवर डोळ्याचं चित्र अगदी उथळ कोरलेलं असतं, त्या खाचेत शाई भरून वरची निपटून घेतात. शाईतला द्रव उडू लागला की तिचा वरचा पृष्ठभाग चिकट होतो. त्या क्षणी गोळा तिच्यावर दाबला की शाई त्याला चिकटून वर येते. आता तिची दुसरी बाजू उघडी पडते आणि गालापर्यंतच्या त्या प्रवासात तीही चिकट होते. म्हणून चेहऱ्यावर दाबताच शाई गोळा सोडून चेहऱ्याला धरते. गोळा मऊ असल्याने पापणीच्या उंचवट्यावर, डोळ्याच्या खळग्यात तो सारखाच बसतो. पाटी सपाट, चेहरा गोल आणि मधे हा मऊ गोळा! शाई कधी सुकते, एवढ्या साध्या गोष्टीवर हा सगळा खेळ उभा आहे.

असा ठसा एका रंगाचा. बाहेरची काळी रेष, बुबुळाचा गडद रंग, त्याच्या आतला फिका, वरचा पांढरा ठिपका, प्रत्येकाला वेगळी पाटी आणि वेगळा ठसा. सगळे तंतोतंत एकावर एक बसले तर तांजिरो तुमच्याकडे बघतो. पांढरा ठिपका मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकला तरी तो तुमच्या खांद्यावरून पलीकडे बघू लागतो. आप्पांनी फिगर हळूहळू फिरवली, एका जागी थांबले आणि म्हणाले, “हितं बघतोय.” त्या जागेवरून मीही पाहिलं. तलवार उगारलेल्या त्या पोराच्या नजरेत राग नव्हता, काळजी होती. गोष्टीतला तांजिरो तसाच आहे, शत्रूवरही दया करणारा. आप्पांनी ती गोष्ट कधी पाहिलेली नाही.

डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर मात्र पारख संपत नाही, हे या तालुक्याइतकं कुणाला ठाऊक असेल! २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला आणि युरोपात कंटेनर अडकले. घड दिसायला देखणेच होते. फिगरच्याही पोटात असं एक न दिसणारं रसायन असतं. तिचं अंग बहुतांशी पीव्हीसीचं, म्हणजे आपल्या ठिबकच्या मेन लाइनच्या पाइपचंच प्लॅस्टिक. पाइप कडक आणि तांजिरोचे केस लवचीक, कारण केसांच्या पीव्हीसीत मऊपणा आणणारं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. पीव्हीसीच्या लांबलचक साखळ्यांमध्ये त्याचे छोटे रेणू शिरून बसतात आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. उकाड्यात, बंद खोक्यात, वर्षांमागून वर्षं हे द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि फिगर चिकट लागते. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुतलं आणि हवा खेळती ठेवली की चिकटपणा बराच कमी होतो. म्हणून जुनी फिगर घेताना डोळ्यांआधी नाक आणि बोट वापरायचं. तलवारीचं पातं, पायथा असे सरळ राहायला हवेत ते भाग एबीएसचे करतात. हेल्मेटचं कवच ज्याचं असतं तेच हे प्लॅस्टिक. कोणत्या भागाला काय वापरलं, हेही कारखान्याच्या अकलेचं माप आहे.

पुतण्याने मग मला मोबाइलवर कुरायोशी दाखवलं, जपानच्या तोत्तोरी प्रांतातलं एक छोटं शहर. गुड स्माइल या नामांकित कंपनीचा फिगरचा कारखाना तिथे आहे. एरवी अशा फिगरचं काम बहुतेक चीनमध्ये होतं, म्हणून जपानातच उभारलेल्या या कारखान्याचं त्याला मोठं अप्रूप. २०१८मध्ये तिथल्या एका जुन्या, गोलाकार शाळेच्या इमारतीत फिगरचं संग्रहालयही उघडलं. मी मात्र दुसऱ्याच फोटोवर थांबलो. कुरायोशीची दुसरी ओळख नाशपाती, ‘निजिस्सेइकी’ म्हणजे ‘विसावं शतक’ नावाची. तिचंही संग्रहालय त्याच गावात आहे. फोटोत झाडावरच्या प्रत्येक फळाला कागदी पिशवी घातलेली होती. आमच्याकडे मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना कागद गुंडाळतात, अगदी तसंच. एकेका फळाला कागदात जपणाऱ्या गावात अर्ध्या मिलिमीटरवर डोळा ठेवणारे कारागीर बसतात, हे वाचून मला कुरायोशी परकं वाटेना.

शेवटची परीक्षा आजच होणारी नाही. तांजिरो एका पायावर उभा आहे, अंग पुढे झोकून. सगळा भार त्या घोट्यावर. निफाड तालुक्यात थंडीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात चाळिशीला जातो. मऊ पीव्हीसी त्या उकाड्यात आणखी मऊ पडतं आणि फिगर कणाकणाने कलते. चांगला कारखाना अशा घोट्यात धातूची सळई घालतो किंवा मागे पाण्याची लाट वगैरे असेल तर तिचाच गुपचूप टेकू करतो. या फिगरमध्ये निळसर पारदर्शक लाट पायथ्यापासून पाठीपर्यंत वर चढते, पण ती टेकू आहे की नुसती शोभा, हे भिंगातून कळेना.

आप्पांनी फिगर पश्चिमेच्या खिडकीपासून लांब, आतल्या फळीवर ठेवायला लावली. मग कानामागची पेन्सिल काढून तलवारीचं टोक जिथे येतं तिथे मागच्या भिंतीवर बारीक खूण केली आणि शेजारी तारीख घातली.

“मे महिन्यात बघू,” ते म्हणाले आणि भिंग खिशात टाकून बागेकडे निघाले.