परसातील कोंबड्यांचे शिकारी पक्ष्यांपासून संरक्षण

पुणे–सोलापूर रस्त्यावरील वरवंड हे गाव दौंड तालुक्याच्या बागायती पट्ट्यात मोडते. कालव्याचे पाणी, व्हिक्टोरिया तलाव आणि उसाची शेते ही या भागाची एक बाजू. दक्षिणेस सुप्याकडे पसरलेले गवताळ माळ ही दुसरी. तलाव, मोठी झाडे आणि उघडे माळ अशी तिन्ही स्थळे जवळजवळ असल्याने येथे शिकारी पक्षी नेहमी दिसतात. भीमेपलीकडील शिरूर तालुक्यातही थोड्याफार फरकाने हीच स्थिती आहे. परसात दहा-वीस कोंबड्या मोकळ्या सोडणाऱ्या कुटुंबास म्हणूनच घारीचा उपद्रव नवा नाही. ‘पिले घारीच्या नशिबाची’ असे मानून लोक स्वस्थ बसतात, किंवा रागाच्या भरात पक्ष्याच्या जिवावर उठतात. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

नुकसान किती होते?

खुडूक कोंबडीखाली बसविलेल्या अंड्यांतून २१ दिवसांनी समजा १२ पिले निघाली. त्यांपैकी निम्म्या माद्या धरल्यास सहा तलंगा तयार व्हावयास हव्यात. पाच पिले घारीने उचलली, तर दोन-तीन तलंगा कमी होतात. देशी कोंबडी वर्षास सुमारे ६० अंडी देते असे धरले, तरी पुढील वर्षी १२० ते १८० अंडी बुडाली. अंड्यांचा हा पैसा बहुतेक घरांत गृहिणीच्या हातचा असतो; मुलांची वह्या-पुस्तके आणि आठवड्याचे तेल-मीठ त्यातून येते. यास्तव पिलांचे रक्षण ही क्षुल्लक बाब समजू नये.

शत्रू ओळखा

उपाय योजण्यापूर्वी पिले नेमकी कोण नेतो, हे पाहणे अगत्याचे आहे. घार आकाराने मोठी व तपकिरी असून तिची शेपटी टोकाशी दुभंगलेली असते. ती उंच घिरट्या घालते आणि उघड्या जागेतील पिलू झडप घालून पायांत उचलते. शिक्रा कबुतराएवढा असतो. त्याच्या शेपटीवर आडवे पट्टे असतात. तो झाडाच्या फांदीत दबून बसतो आणि एकाएकी झेपावतो, त्यामुळे पुष्कळदा दृष्टीसही पडत नाही. हिवाळ्यात माळावर जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या पक्षी मुख्यतः नाकतोडे, सरडे व लहान पाखरे खातात. त्यांच्यापासून परसास फारसा धोका नाही.

घार किंवा शिक्रा पूर्ण वाढलेली कोंबडी उचलून नेऊ शकत नाही. तेव्हा मोठी कोंबडी नाहीशी झाल्यास संशय कुत्रा, रानमांजर किंवा मुंगूस यांवर घ्यावा. पक्षी एका वेळी एकच पिलू नेतो, तेही दिवसाच. रात्रीत कोंबड्या गेल्या, अथवा माना चावलेली पिले खुराड्यातच पडलेली आढळली, तर दोष खुराड्याच्या दारात व फटींत आहे, आकाशात नाही.

पहिले सहा आठवडे

पक्ष्यांकडून होणारी बहुतेक हानी पिलांच्या कोवळ्या वयातच होते. म्हणून पहिले सहा आठवडे पिले मोकळी सोडू नयेत. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची पिले आणल्यास त्यांना आई नसते. त्यांस ऊब देऊन बंदिस्त जागेत वाढविणे आवश्यकच आहे. देशी कोंबडीची पिले मात्र आईमागे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच अंगणात उतरतात, आणि तेथेच घात होतो.

यावर स्वस्त उपाय घरातच आहे. रात्री कोंबड्या डालण्याकरिता वापरतात तेच डालगे दिवसा पिलांवर सावलीत पालथे घालावे. डालग्यात दाटी होऊ लागली, की बांबूच्या कामट्या किंवा तुराट्या यांचा सुमारे दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद व ६० सेंटिमीटर उंच असा बिनतळाचा पिंजरा बांधावा. वरून बारीक तारेची जाळी लावावी. असा पिंजरा एक कोंबडी व तिच्या १०–१२ पिलांस पुरतो. तो रोज थोडा सरकवावा, म्हणजे पिलांस ताजे किडे व हिरवा चारा मिळतो आणि जागा घाण होत नाही. निम्म्या पिंजऱ्यावर पाचट टाकून सावली करावी व पाण्याचे भांडे सावलीत ठेवावे.

आसऱ्याची सोय

पिले मोठी होऊन बाहेर पडली, की त्यांस पळून लपावयास जागा हवी. कोंबड्याची नजर आकाशावर असते. घार दिसताच तो बारीक, लांबट आवाज काढतो आणि कोंबड्या जवळच्या आडोशास पळतात. कुत्रा किंवा मांजर आल्यास इशारा निराळा असतो; तेव्हा सारा कळप मोठ्याने कलकलाट करतो. म्हणून कळपात एक जाणता कोंबडा अवश्य ठेवावा. परंतु इशारा मिळूनही आडोसा दूर असेल, तर तो व्यर्थ होय.

अंगणात कोठेही उभे राहिले, तरी आठ-दहा पावलांवर आडोसा सापडावा, असे परस आखावे. दोडका, घेवडा किंवा कारले यांचा बुटका मांडव, मेंदीचे कुंपण, उभी केलेली बैलगाडी, चार मेढींवर पाचट घातलेले छप्पर, यांपैकी काहीही चालते. दाणे टाकण्याची जागा याच छपराखाली ठेवावी. उघड्या अंगणात मध्यभागी दाणे फेकणे म्हणजे सर्व पिले एकाच ठिकाणी घारीपुढे मांडणे होय.

चकाकणाऱ्या पट्ट्या व बुजगावणे यांचा उपयोग होतो, पण काही दिवसच. पक्षी त्यांस सरावतात. दर तीन-चार दिवसांनी त्यांची जागा बदलावी व केवळ त्यांवर विसंबून राहू नये.

घारीस आमंत्रण देऊ नका

घार मुख्यतः मेलेले प्राणी व टाकाऊ मांस यांवर जगते. मासळीचे अवशेष, कोंबडी कापल्यावरची आतडी किंवा मेलेली पिले उकिरड्यावर टाकली, की ती त्या घरावर रोज घिरट्या घालू लागते. असे सर्व अवशेष खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत. आसपास मोठे कुक्कुटपालन असेल, तर तेथील मृत पक्ष्यांचीही अशीच विल्हेवाट लागते की नाही, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाहावे. आजारी पिलू मागे रेंगाळते व प्रथम बळी पडते. म्हणून मानमोडीची लस वेळेवर टोचून वा पाजून घेणे हादेखील संरक्षणाचाच भाग आहे.

हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत घारीच्या घरट्यात पिले असतात. शिक्र्याची वीण मार्च ते जून या काळात होते. या महिन्यांत त्यांची भूक वाढते. तेव्हा पहारा अधिक ठेवावा.

विष व फासे नकोत

मेलेल्या पिलास कीटकनाशक लावून घारीसाठी टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. ते कुत्रा खातो, मांजर खाते, घरच्या कोंबड्याही टोचतात. लहान मुलांच्या हाती लागण्याचे भय असते ते वेगळेच. घारी व शिक्रे उंदीर, सरडे व टोळ खातात, आणि त्याच विषाने उसातील उंदीर मारणारे घुबडही मरते. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्यांस मारणे, पकडणे किंवा त्यांची अंडी काढणे हा गुन्हा आहे. एक घार मेली, तरी उघडे अंगण व उघडा उकिरडा जोवर आहे, तोवर दुसरी तिची जागा घेते.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावातील दोन-तीन घरी असा पिंजरा व छपराखालील दाण्याची जागा तयार करून दाखवावी. कोणत्या वयाची किती पिले, दिवसा की रात्री गेली, याची नोंद गृहिणींकडून ठेवून घ्यावी. एका हंगामाची नोंद शेजाऱ्यांच्या नोंदीशी ताडून पाहिली, म्हणजे सांगावयाचे फारसे उरत नाही. खर्च एका डालग्याचा, थोड्या तुराट्यांचा, जाळीच्या एका तुकड्याचा आणि अर्ध्या दिवसाच्या श्रमाचा आहे. त्यातून वाचणारी तलंग मात्र पुढे स्वतःच अंड्यावर बसणार आहे.